बरकत, दोन, तीन

आमच्या दाराला बेल आहे. ती दाबली की आत एक खोटा पक्षी गातो आणि मग कुणीतरी पार्सल हातात देऊन ओटीपी मागतं. दार ठोठावणारं माणूस आमच्याकडे एकच येतं, ते म्हणजे हलिमाखाला. बेल ही लिफ्टला बोलवायची रीत आहे, माणसाला बोलवायची नव्हे, असं तिचं मत. तिला मतं पुष्कळ आहेत आणि त्यातलं एकही कौतुकाचं नाही.

ऑगस्टमधला शनिवार होता. शाळा उघडायला नऊ दिवस उरले होते. माझा नवरा जय झोपला होता. जबल अलीच्या गोदामात पाच दिवस राबून आलेला माणूस शनिवारी दहापर्यंत उठत नाही. अकरा वर्षांची आमची मिहिका सोफ्यावर पाय वर, डोकं खाली अशी पडून फोन बघत होती. मी घावनं घालत होते आणि पहिलं घावन रिवाजाप्रमाणे तव्याला चिकटलं होतं. ते खरवडत असताना दारावर तीन ठोके पडले, प्रत्येक ठोक्याच्या मध्ये एक श्वास सोडून.

खाला आत आली, चपला काढून भिंतीला समांतर लावल्या, मिहिकेकडे पाहिलं आणि वटवाघळांनापण सुट्टी असते वाटतं, एवढं बोलून सरळ स्वयंपाकघरात आली. माझं चिकटलेलं घावन तिने बघितलं. त्यावर ती काही बोलली नाही, म्हणजे ते किती वाईट होतं ते मला कळलं. मग पिशवीतून चार घड्यांचा एक कागद काढून तिने ओट्यावर ठेवला.

"हे वाच, गो बाय, आणि मला सांग. ह्या बाईला काही कामधंदा नाही काय?"

कागदावर दहा इंग्रजी शब्द होते. प्रत्येक शब्दाचे भेंडी चिरावी तसे तुकडे केलेले, तुकड्यांच्या मध्ये ठिपके. पुढे कुठल्या तुकड्यावर जोर द्यायचा त्याची खूण, आणि खाली बारीक अक्षरात तो शब्द कुठल्या भाषेतून, कुठल्या वाटेने इंग्रजीत आला त्याची वंशावळ. चौथा शब्द लाल शाईने गोल केलेला होता. अँब्युलन्स. तीन तुकडे, जोर पहिल्यावर, मूळ फ्रेंच, त्याच्या आधी लॅटिन. शेजारी लाल शेरा होता, की उमेदवाराला तुकडे मोजता येत नाहीत.

हा कागद कशाचा, ते सांगण्याआधी खाला कोण ते सांगायला हवं.

हलिमा मुश्ताक ही मिहिकेच्या शाळेच्या बसमधली बाई. चालकाखेरीज प्रत्येक बसमध्ये अशी एक बाई असते. मुलांना चढवायचं, पट्टे लावायचे, भांडणं सोडवायची, ओकारी आली तर पिशवी धरायची आणि शेवटी मागच्या सीटपर्यंत जाऊन, वाकून, कुणी झोपलेलं राहिलं नाही ना ते पाहायचं. इथल्या उन्हात बंद बसमध्ये मूल राहिलं तर काय होतं, ते इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खालाने हे काम सोळा वर्षं केलंय. सोळा वर्षांत तिच्या बसमध्ये एकही मूल राहिलं नाही, एकही चुकीच्या स्टॉपवर उतरलं नाही.

ती बाणकोटच्या खाडीकाठची. नवरा मुश्ताक जबल अलीच्या धक्क्यावर कामाला होता. तो तिथेच वारला, तेव्हा दीर म्हणाले, आता गावी बसून घर सांभाळ. घर सांभाळायला घरात कोण आहे, असं विचारून ती इकडे निघून आली. तेव्हा ती चाळिशीची होती. मुलगा झैद त्या वेळी शिकत होता. आता तो शारजाला राहतो आणि हमरिया फ्री झोनमध्ये एका कंपनीत सुपरवायझर आहे. खाला मात्र कंपनीने दिलेल्या खोलीत राहते, इतर तीन बायकांबरोबर. तिच्या खाटेला फुलांचा पडदा आहे. त्या पडद्याच्या आत जेवढी जागा आहे तेवढी या देशात माझी, असं ती म्हणते, आणि तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच वाक्य असं आहे ज्यात कुणाला नावं ठेवलेली नाहीत.

एरवी तिच्या तावडीतून काही सुटत नाही. मुलांच्या डब्यातले चीजचे तुकडे म्हणजे साबण. पाच दिरहमची पाण्याची बाटली, म्हणजे सव्वाशे रुपयांचं पाणी, पिणाऱ्याला वर गेल्यावर विहीर खणायला लावतील. स्टॉपवर पाचव्या मिनिटाला गाऊनवर धावत येणाऱ्या आया, ज्या बसला थांब म्हणतात आणि मुलाच्या बुटाची नाडी तशीच लोंबत ठेवतात, त्यांचं तर विचारूच नका. माझ्याबद्दल ती काय म्हणत असेल, ते मी कधी विचारलं नाही. त्यातच शहाणपण आहे.

तर जूनमध्ये, शाळा बंद व्हायच्या आधी, आमच्या रूटच्या ग्रुपवर दियाच्या आईने एक लांबलचक मेसेज टाकला. दियाची आई म्हणजे रोज बस थांबवून ठेवणाऱ्यांपैकी पहिली. मेसेज फार सभ्य होता. असले मेसेज सभ्यच असतात. बस-आंटी प्रेमळ आहेत, आदर आहेच, परंतु त्यांचं इंग्रजी हा सुरक्षेचा प्रश्न आहे. उद्या प्रसंग आला आणि त्यांना फोनवर अँब्युलन्स हा शब्द नीट उच्चारता आला नाही तर? खाली धडाधड अंगठे पडले. तेवीस अंगठे. त्यातला एक माझा. कणीक मळत होते, डावा हात मोकळा होता, सगळ्यांनी टाकला म्हणून मीही टाकला. एरवी मी फार विचार करणारी बाई आहे.

त्या अंगठ्यांची फळं म्हणजे मनोरमा मॅडम.

बसकंपनीने सगळ्या बायकांचं प्रशिक्षण त्यांच्याकडे दिलं. कार्डावर त्यांचं नाव मॅनोरा एम. असं आहे, व्हॉइस अँड डिक्शन कोच. जानेवारीत आमच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू झालं तेव्हा त्या आल्या होत्या. तिळगूळ दोन बोटांत धरून, हे काय असतं, असा चेहरा करून बसल्या आणि माझं मराठी जरा रस्टी झालंय म्हणाल्या. झालं असेल गंजकं. पण माझी मावशी बार्शीला राहते, मनोरमा मॅडमच्या वडिलांच्या आडत दुकानाच्या अगदी समोर. दोन वेण्या घालून धान्याच्या पोत्यांवर बसून पेरू खाणारी मनोरमा मावशीच्या मुलीच्या वर्गात होती. या गोष्टीला वीसच वर्षं झालीत. आईच्या भाषेला गंजायला एवढा वेळ पुरत नाही.

मॅडमची पद्धत अशी की शब्दाला नुसतं बोलायचं नाही, त्याला मान द्यायचा. आधी टाळ्या वाजवत त्याचे तुकडे मोजायचे, मग जोर कुठे ते ओळखायचं, मग तो शब्द कुठून आला ते सांगायचं. शब्दाचं मूळ कळलं की तो आपोआप स्वच्छ येतो, असं त्या शिकवत. पहिल्या दिवशी केरळच्या, नेपाळच्या, फिलिपिन्सच्या आणि आमच्या कोकणच्या मिळून नऊ बायका कंटेनरच्या ऑफिसात बसून टाळ्या वाजवत होत्या. बाहेर सेहेचाळीस डिग्री. खालाने ते सगळं मला सांगितलं तेव्हा शेवटी एवढंच म्हणाली, की मयताच्या घरीपण बायका इतक्या एकसुरात रडत नाहीत.

गुरुवारी शेवटची परीक्षा होती. पास झाली तर कामाचं कार्ड नवं होणार, रूट तोच. नापास झाली तर कामाचा व्हिसा बंद. मग झैद तिला आपल्या व्हिसावर घेणार होता, शारजाच्या वन-बेडरूममध्ये, हॉलमधल्या सोफ्यावर. त्याची बायको रुखसार मार्चपासून पुन्हा नोकरीवर जातेय आणि त्यांचा मुलगा फहद सव्वा वर्षाचा आहे. झैदने फोन करून आईला सांगितलं होतं, अम्मी, टेन्शन घेऊ नको, फेल झालीस तर उलट बरंच आहे.

"त्यांना आई नको, गो," खाला म्हणाली. "आया पाहिजे. आणि आयाला पगार द्यावा लागतो, आईला नाही."

फहदवर तिचा राग नव्हता. दर रविवारी ती त्याला भेटायला दोन तास प्रवास करून जाते. पण संध्याकाळी परत येते, आपल्या पडद्याआड. ती परत येण्याची वाट तिला सोडायची नव्हती. त्यासाठी तिला गुरुवारी तीन टाळ्या नीट वाजवायला हव्या होत्या. आणि त्यासाठी ती माझ्याकडे आली होती, कारण चिपळूणच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बीए झालेली आणि त्या पदवीचा घावनं करपवण्यापलीकडे काही उपयोग न केलेली बाई तिच्या ओळखीत मीच होते.

मी गॅस बंद केला आणि तिला म्हण म्हटलं. ती म्हणाली. अगदी वाईट नव्हतं. शेवटचा स जरा जाड, मधला तुकडा जरा घाईत. सोफ्यावरून मिहिकेने उलट्या डोक्याने सुधारणा केली.

"इट्स थ्री सिलेबल्स, खाला. अ‍ॅम. ब्यु. लन्स. यू हॅव टू हिट द फर्स्ट वन."

खालाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण तिच्या बोटात नवऱ्याची चांदीची अंगठी असते, दोरा गुंडाळून घट्ट केलेली, ती तिने पिठाच्या डब्याच्या झाकणावर मारली. एकदा जोरात, दोनदा हळू. बरोबर मिहिका म्हणाली तशी. मी म्हटलं, झालं की, आता नुसतं मोजा. आणि तिने अंगठ्याने बोटांची पेरं धरत मोजलं.

"बरकत, दोन, तीन."

मी हसले नाही, कारण मला नवं नव्हतं. रोज सकाळी बस येते तेव्हा मी खाली उभी असते. आमचा स्टॉप पहिला आणि मिहिका पहिली चढणारी. तिच्या डोक्यावर हात ठेवून खाला म्हणते बरकत. मग पुढच्या स्टॉपवर अर्श चढतो तो दोन, दिया तीन, आणि असं करत चौतीसपर्यंत. मिहिकेला पाच वर्षं वाटत होतं की बरकत हे खालाने तिला ठेवलेलं लाडाचं नाव आहे.

खालाच्या वडिलांच्या खळ्यावर भात मोजायचे तेव्हा पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नसे. एक म्हटलं की मोजणी सुरू झाली, आणि सुरू झालेली गोष्ट संपते. म्हणून पहिलं माप बरकतीचं, मोजणी दोनापासून. आमच्या घरीही तसंच, फक्त आम्ही लाभ म्हणायचो. भातापेक्षा माणसाचं लेकरू मोठं, तेव्हा पहिल्या लेकराला एक म्हणून त्याच्यावर हद्द घालायची हे खालाला सोळा वर्षांत एकदाही जमलं नाही. हिशेब कुठे चुकत नाही. दोनाच्या आधी जो येतो तो येतोच. पण मनोरमा मॅडमनी सरावात तिला टाळ्या मोजायला लावल्या, त्यांना दोन आणि तीन ऐकू आलं, आणि त्यांनी लाल शाईने लिहिलं की हिला मोजता येत नाही.

मी खालाला सांगितलं की गुरुवारपुरतं वन म्हणा. ती म्हणाली, बघू. तिच्या बघूचा अर्थ नाही असा असतो.

मग मी मूळ समजावायला घेतलं, कारण ते परीक्षेत विचारणार होते. सांगितलं, की लॅटिनमध्ये चालणे या अर्थाचा एक शब्द आहे. फ्रेंच लोक लढाईवर निघाले की सैन्याच्या मागून एक दवाखाना चालत जायचा, त्याला ते चालता दवाखाना म्हणायचे. पुढे दवाखाना गळला आणि नुसतं चालता एवढंच उरलं. तेच इंग्रजांनी उचललं आणि गाडीला लावलं. हे सांगताना मला बरं वाटत होतं, कॉलेजनंतर वीस वर्षांनी मी कुणाला तरी काहीतरी समजावत होते. खालाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे डोली?"

तिची आई बाळंतपणात अडली तेव्हा तिला डोंगरावरच्या वाडीतून खाडीपर्यंत डोलीतून आणलं होतं. बांबूला चादर बांधलेली, चार माणसं आळीपाळीने खांदा देत होती आणि नऊ वर्षांची हलिमा कंदील धरून पुढे होती. खाडीवर होडी लागेपर्यंत आई जगली, पोर तेवढंही जगलं नाही. ही गोष्ट तिने ज्या आवाजात सांगितली त्याच आवाजात ती नेहमी साबणासारख्या चीजबद्दल बोलते.

"एवढं फ्रेंचांकडून लॅटिनपर्यंत फिरून आले," ती म्हणाली, "आणि शेवटी काय, तर माणूस माणसाला घेऊन चालतो. ते मला ठाऊक होतं. फी कशाची घेते ही बाई?"

गुरुवारी मी तिच्याबरोबर गेले. कंपनीने प्रत्येक रूटचा एक पालक निरीक्षक म्हणून बोलावला होता. ग्रुपवर विचारलं तर तेवीस अंगठेवाल्यांपैकी कुणाला सवड नव्हती. दियाच्या आईचं त्या दिवशी फेशियल होतं. मी म्हटलं, मी जाते. त्यावर मात्र पुन्हा अंगठे आले.

डेपो जबल अलीत, गोदामांच्या मागे. कंटेनरच्या ऑफिसात एसी गुरगुरत होता. टेबलामागे मनोरमा मॅडम, मोत्यांची माळ आणि कोट. या उन्हात कोट घालणारं माणूस आतून थंडच असलं पाहिजे. शेजारी डेपोचा सुपरवायझर इद्रीस, मुलतानकडचा, दाढी पांढरी, डोळे झोपेला आलेले. बाहेर एक बस उभी होती आणि तिच्यात दहा सीटवर वाळूची पोती ठेवून त्यांना शाळेच्या टोप्या घातल्या होत्या. खालाने खिडकीतून ती टोपीवाली पोती बघितली आणि माझ्या कानात म्हणाली, ही बरी, नाड्या लोंबत नाहीत.

तिचा नंबर पहिला लागला. मॅडमनी कागदावर न बघता अँब्युलन्स विचारला, जणू काही सहजच. खालाने शब्द म्हटला. खरं सांगते, मॅडमपेक्षा स्वच्छ म्हटला, कारण मॅडम मधल्या तुकड्याला जी मुरड घालतात ती कुठल्याच देशात घालत नसावेत. मग टाळ्यांऐवजी तिने अंगठी टेबलावर मारली. जोरात, हळू, हळू. इद्रीसची झोप उडाली. मॅडम म्हणाल्या, काउंट, प्लीज.

"बरकत, दोन, तीन."

"आय हर्ड टू अँड थ्री," मॅडम म्हणाल्या. "व्हेअर इज वन, मिस हलिमा?"

खालाने हिंदीत सांगितलं की पहिला मी बोलले ना. मॅडमनी मान हलवून काहीतरी लिहिलं. शब्दाचं मूळ विचारलं. खाला म्हणाली, चलता दवाखाना, हमारे उधर डोली बोलते. मॅडमना फ्रेंच हवं होतं. त्यांनी अर्धा गुण दिला आणि अर्धा कापला.

मग सगळे बसजवळ गेलो. प्रसंग असा धरायचा होता की बसमधून धूर येतोय. मुलं उतरवायची, मोठ्याने मोजायची आणि कंट्रोलला आकडा कळवायचा. सत्तावन्न वर्षांची बाई ती, पण एकेक पोतं काखेत घेऊन पायऱ्या उतरली ती अशी की पाहणाऱ्याने बाजूला व्हावं. बरकत, दोन, तीन, चार. प्रत्येक पोत्याच्या टोपीवर हात. दहावं ठेवलं, पुन्हा आत जाऊन मागच्या सीटपर्यंत वाकून बघून आली, आणि फोन कानाला लावून इंग्रजीत म्हणाली, टेन चिल्ड्रन, ऑल आउट, सेंड अँब्युलन्स. मॅडमनी फॉर्मवर शांतपणे रेघ मारली. पहिलं मूल मोजलेलं नाही, नोंद अपूर्ण, अनुत्तीर्ण.

खालाचा चेहरा बदलला नाही. फक्त अंगठी असलेलं बोट तिने दुसऱ्या मुठीत धरलं. तिला झैदच्या हॉलमधला तो सोफा दिसला असणार.

मी निरीक्षक होते. निरीक्षकाने बोलायचं नसतं. पण त्या बाईच्या तोंडावर जी तृप्ती होती, ती पाहून मला गप्प बसवेना. मी मराठीत विचारलं, "मनोरमाताई, बार्शीला तुमच्या वडिलांच्या आडतीवर पहिलं माप काय म्हणून टाकायचे हो?"

त्यांनी माळ सरळ केली. मला वाटलं होतं आता रस्टी निघेल. पण आलं ते अस्सल, बिनगंजाचं.

"माप आम्ही टाकत नव्हतो. हमाल टाकायचे."

"आणि काय म्हणायचे ते?"

"हमाल काय म्हणतात ते ऐकायला आम्ही गादीवर बसत नव्हतो."

म्हणजे आठवत होतं. लाभ म्हणत पडणारं पहिलं माप तिने लहानपणी रोज सकाळी ऐकलं असेल, पेरू खाता खाता. ठाऊक असून ती गप्प राहिली होती. अडाणी माणसाची चूक मला समजते. पण आपल्याला जे माहीत आहे ते माहीत नाही असं दाखवून त्यावर दुसऱ्याची भाकरी तोडायची, याला काय म्हणायचं, त्याचे तुकडे, जोर आणि मूळ मनोरमा मॅडमच सांगोत.

इद्रीसला आमचं मराठी कळलं नाही, पण बरकत कळलं होतं. त्याने मला विचारलं की ही अम्मा पहिल्याला बरकत का म्हणते. मी सांगितलं. तो हसला. त्यांच्या गावीही गहू मोजताना पहिलं माप बरकतीचंच असतं म्हणाला, त्याचे वडील तर फुंकर मारून टाकायचे. मग त्याने मॅडमच्या हातातून फॉर्म घेतला, उलटसुलट पाहिला आणि खालाकडे वळला.

"अम्मा, गिनती आपकी ठीक है. पर इस फॉर्म में बरकत का कॉलम नहीं है. एक बार वन बोल दो, मैं साइन करता हूँ."

मॅडमनी प्रोटोकॉल वगैरे काही सुरू केलं. तो म्हणाला, खलास मॅडम, बस मेरी है.

आता सगळं खालावर होतं. कुणालाही वाटेल, एक शब्द तर म्हणायचा. पण मी तिच्या शेजारी उभी होते आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. सोळा वर्षं कुठल्याही लेकराला तिने एक म्हटलं नव्हतं आणि सोळा वर्षं एकही राहिलं नव्हतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला बीए असल्यामुळे ठाऊक आहे. तिला तसं ठाऊक नाही, आणि खरं तर मलाही तितकंसं नाही.

पोती परत आत नेली. खाला बसच्या दारात जाऊन उभी राहिली. आत चढण्याआधी तिने दाराच्या पिवळ्या दांड्यावर हात ठेवला, जसा मिहिकेच्या डोक्यावर ठेवते तसा, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाली. मला ते ऐकू आलं. मग ती आत गेली, पहिलं पोतं काखोटीला मारून खाली आली आणि मॅडमच्या अगदी पायापाशी ते आदळून म्हणाली, "वन." मॅडमच्या बुटांवर वाळू सांडली. टू, थ्री करत ती टेनला पोचली तेव्हा सगळी पोती तशीच ओळीने मॅडमपुढे उभी होती, टोप्या घालून, वर्गातल्या हुशार मुलांसारखी.

इद्रीसने सही केली. मॅडमनी शेरा लिहिला की उच्चार प्रादेशिक आहेत. नंतर प्रमाणपत्र छापून आलं त्यावर खालाच्या नावात एक ए कमी होता. मूळ आणि उच्चार शिकवणाऱ्यांकडून तेवढं चालायचंच.

परत येताना ती माझ्या गाडीत पुढे बसली. पट्टा लावला, माझा लावलेला आहे की नाही ते पाहिलं. तिने झैदला फोन केला आणि पास एवढंच सांगितलं. त्याने फोन बायकोकडे दिला. मग रुखसारने मुबारक म्हटलं, कुणी हातातली पिशवी काढून घेतल्यावर माणूस बोलतो तशा सुरात. खालाने फहदने दूध प्यायलं का विचारलं, रविवारी येते म्हणाली आणि फोन ठेवला. मी विचारलं, बसच्या दांड्याला बरकत म्हणून घेतलीत ना? ती म्हणाली, त्यांना वन पाहिजे होतं, दिलं. माझं मी आधीच ठेवून दिलं होतं. आता सोमवारपासून रोज असंच. आधी दांडा, मग मिहिका वन. पोरीला जरा वाईट वाटेल, पण वाढत्या मुलींना तेवढं वाईट वाटलेलं बरं असतं.

मी हसले. स्वतःवर खूश होते मी. मनात दियाच्या आईला काय काय ऐकवायचं त्याची तयारी चालली होती. अशा लोकांना लाजा नसतात, एका बाईचा रोजगार जाईल एवढंही सुचत नाही, असं मी बोलूनही गेले. खाला बाहेर पळणाऱ्या गोदामांकडे बघत होती. तिने ते बोलणं संपू दिलं. तिच्या बिल्डिंगपाशी गाडी थांबली तेव्हा पट्टा काढून, पिशवी मांडीवर घेऊन ती म्हणाली, की जूनमध्येच अर्शच्या आईने तिला फोन उघडून तो मेसेज दाखवला होता, आणि खाली कोणाकोणाची नावं आहेत तेही वाचून दाखवलं होतं.

मी इंजिन बंद केलं. मग तुम्ही माझ्याकडे का आलात, असं मी विचारलं.

"तेवीस जणांत इंग्रजी येणारी आणि दार उघडणारी तू एकटीच," ती म्हणाली. आवाज तोच, साबणासारख्या चीजचा.

दार उघडून ती एक पाय बाहेर टाकून थांबली. बाहेरची गरम हवा आत आली. माझ्याकडे तिने मान वळवली, आणि मी तिला ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच तिने सरळ काही मागितलं.

"त्या मेसेजवरचा तुझा अंगठा काढून टाक."